मिरचीचा घाणा आणि निकेशचा गळा

लोकांना वाटतं, निकेश घरत म्हणजे नुसती मजा. दोन हॉटेलं, स्वतःचा रॉक बँड, मानेपर्यंत केस, बायको शाळेत शिक्षिका. अजून काय पाहिजे माणसाला? मला विचारा काय पाहिजे. मी त्याची मोठी बहीण, निशा. पनवेलच्या आमच्या हॉटेलातलं स्वयंपाकघर अठरा वर्षं माझ्या अंगावर आहे. तिकडे टाळ्या पडायच्या तेव्हा इकडे कोलंबी कोण सोलत होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

हॉटेल आपलं म्हणायला. पाटीवर 'गुणाबाईची खानावळ' असंच लिहिलंय. गुणाबाई म्हणजे आमची आई. खाडीला लागून आमची मिठागरं होती, ती सरकारच्या भूसंपादनात गेली आणि हातात पैसा आला. गावात दारोदारी मोठमोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. आईने आमच्या बाबांना शोरूमची पायरी चढू दिली नाही. "गाडी खाऊन प्वाट भरतं काय? लोकांना मावरं लागतं, मावरं," असं म्हणून तिने एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर गाळा घेतला आणि मासळीबरोबर तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. बाबा शेवटपर्यंत त्या गाडीची आठवण काढायचे.

आईची दुसरी ओळख म्हणजे ती धवळारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात गाऊन लग्न लावणारी बाई असते, ती. मांडवाचं गाणं वेगळं, तेलाचं वेगळं, हळदीचं वेगळं, आणि सगळं तोंडपाठ. कागद नाही, काही नाही. निकेशचा गळा तिच्याकडून आला. माझ्याकडे तिचा स्वभाव आला, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

अकरावीत असताना निकेशने गिटार आणली आणि वर्षाच्या आत बँड काढला. नाव ठेवलं 'खाजण'. भरतीचं पाणी शिरतं त्या खारवट जमिनीला आमच्याकडे खाजण म्हणतात, आमचं अख्खं लहानपण त्या चिखलात गेलं. ड्रम वाजवायला शैलेश. तो जासईला कंटेनर यार्डात नोकरीला आहे. उरलेले दोघे येऊन-जाऊन बदलत राहिले. गावातल्या घराच्या पडवीत त्यांनी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मला वाटलं भांड्यांची मांडणी कोसळली. मी कानात बोटं घालून बाहेर पळाले. आई मात्र हलली नाही. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पोराचा दम चांगला हाय." बस, तेवढ्यावर हा उडायला लागला.

तर खानावळ आणि बँड, हे दोन्ही त्याने सांभाळलं कसं, असं पेपरवाले येऊन विचारायचे. एकदा एका मुलीने मासिकात दोन पानं छापली होती, फोटोसकट, एका हातात गिटार आणि दुसऱ्यात पापलेट. अगं बाई! पापलेट मी आणून दिलं होतं, आणि फोटो झाल्यावर परत फ्रीजमध्येही मीच ठेवलं. त्या लेखात माझं नाव 'कुटुंबीय' असं आलंय.

खरं सांगायचं तर सांभाळायची सोय समुद्रानेच करून ठेवली होती. एक जूनपासून दोन महिने होड्या समुद्रात जात नाहीत, बंदी असते. मोरा बंदरावरची मैनाबाई आम्हाला मावरं देते, तिच्या होड्या त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. ताजं मावरं नाही म्हणजे आमची टेबलं अर्धी रिकामी. त्याच्या पाठोपाठ श्रावण, म्हणजे उरलेली अर्धीही रिकामी. ते दिवस निकेशचे. पुणे, बंगळूर, कुठे कुठे जायचा, गाणी रेकॉर्ड करायचा, दाढी वाढवून परत यायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पण बाकीच्या नऊ-दहा महिन्यांचं काय? तिथे ओढाताण होती. त्यात उलव्याला दुसरी खानावळ काढली. तिथे चारी बाजूंनी इमारती उठतायत, दुपारी इंजिनियर आणि साइटवरची माणसं जेवायला येतात, धंदा चांगला. पण माणूस एकच. सकाळी मावरं बघायला हवं, दुपारी उलवे, संध्याकाळी पनवेल, आणि शनिवार आला की हा ठाणं नाहीतर नाशिक. गाणी लिहायचा तीसुद्धा ऑर्डरच्या पॅडवर. आमच्या जगन आचाऱ्याने एकदा कवितेचा कागद ऑर्डर समजून खिळ्याला लावला आणि मग मला विचारतो, "ताई, हे 'काळोखाचं पाणी' मेनूत कधी आलं?" हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवशी निकेश पण हसला होता.

एकदा नाशिकला त्याचा कार्यक्रम चालू असताना खिशातला फोन अकरा वेळा थरथरला. का, तर इथे गॅस संपला होता आणि सिलेंडरवाला निकेशशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. अकरा वेळा फोन करणारी कोण? मीच. आणि तरी मी म्हणायचे, हा लक्ष देत नाही.

त्याची बायको विनिता शहाणी. लग्न ठरलं त्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मला मासे साफ करता येत नाहीत आणि तुझं गाणं मला कळत नाही. दोन्ही सोडून काय असेल ते बोल." दोघांचं छान चाललंय. माझं लग्न जासईला झालंय, नवरा गरीब स्वभावाचा आहे. सकाळी आठला मी घरातून निघते ते दुकान बंद करूनच परत. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण निकेशच्या गाण्याचा अर्धा भार माझ्या कमरेवर होता. कंबर आता बोलते.

आता मसाल्याचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्या खानावळीत लोक येतात ते आईच्या मसाल्यासाठी. वर्षभराचा मसाला मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत करायचा. गावच्या घराच्या मागे चूल मांडायची, मोठी लोखंडी कढई, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग कांडपाला न्यायचा. आई भाजायची ते गाऊन. हो, गाऊन! मांडवाचं गाणं दोनदा म्हणून झालं की धणे उतरवायचे. मिरचीला हळदीचं गाणं, तेही अर्धंच. घड्याळ लावून बघा, जमत नाही. चुलीचा जाळ कमी-जास्त होतो, मिरची कधी कडकडीत, कधी दमट. आई जाळाकडे बघून गाणं हळू करायची, जलद करायची, आणि उलथन्याचा हात त्या गाण्याबरोबर फिरायचा. गाणं वेळ मोजायला नव्हतं, हाताला वळण द्यायला होतं.

दहा वर्षांची असताना मी एकदा तिच्याबरोबर गायला लागले. आई हसली आणि म्हणाली, "तू नको गाव गो निशा, मिर्ची जलंल." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी कधी गायले नाही, देवाची आरतीसुद्धा नुसते ओठ हलवून. आईने चेष्टा केली होती, मला कळतं. पण घरात ते वाक्य बसलं ते बसलंच. निशा लाकडं फोडणार, निशा देठं काढणार, निशा बरण्या पुसणार, आणि भाजणार आई. आईनंतर निकेश.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या पश्चात पहिल्या मे महिन्यात निकेशने भाजलं आणि असा घोळ घातला की विचारू नका. झालं असं, की त्या वर्षी त्याने आईचं मांडवाचं गाणं बँडमध्ये घेतलं होतं. ड्रम, गिटारी, आणि वेग म्हणाल तर दुप्पट. ते गाणं खूप चाललं, हळदीच्या डीजेवाल्यांनीसुद्धा लावलं. आणि हा शहाणा चुलीसमोर बसला, तेच गाणं त्याच वेगात दोनदा म्हटलं आणि धणे उतरवले. तोंडात तोच वेग बसला होता, त्याला कळलंच नाही. धणे कच्चे राहिले. ऑगस्टमध्ये बरणी उघडली तर मसाल्याला जाळी धरलेली. सगळा मसाला खाडीत. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग तो एकटाच पडवीत बसून आईच्या वेगात गाणं म्हणत बसायचा, पुन्हा पुन्हा. पुढच्या वर्षी मसाला पहिल्यासारखा झाला.

यंदा एप्रिलच्या शेवटी त्याचा आवाज बसला. आधी आम्ही मनावर घेतलं नाही, गाणाऱ्याचा आवाज बसतोच. पण आठ दिवस झाले, दहा झाले, वरच्या सुरात गेला की आवाजच गायब. मी त्याला पनवेललाच कानाघशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, "ही बारीक रक्तवाहिनी सुजलीय बघा, स्वरतंतूवर. सहा आठवडे बोलायचं नाही, गायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोरात खोकायचं नाही. ठसका लागला आणि ही फुटली तर व्रण राहील. मग गाणं विसरा."

"आणि सहा आठवडे नीट पाळलं तर?" मी विचारलं.

"तर गातील. पहिल्यासारखं."

निकेशची बोलायची बंदी तिथूनच सुरू झाली. त्याने माझ्याकडे बघितलं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याला त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता, बाहेरच्या देशातले बँड येणार होते. वीस वर्षांत पहिल्यांदा 'खाजण'ला असं बोलावणं आलं होतं. दिवस मोजले तर सहा आठवडे जूनच्या मध्याला संपत होते. जमण्यासारखं होतं. फक्त ठसका लागता कामा नये.

आणि आमचं घर मसाल्याचं!

आता एक गोष्ट सांगते ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. डॉक्टर 'गाणं विसरा' म्हणाले ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. घाबरले नंतर. आधी बरं वाटलं, कमरेला पट्टा बांधल्यावर वाटतं तसं. वाटलं, शनिवारी हा दुकानात असेल. फोन केला तर उचलेल. भाऊ हाताशी असेल. मग मला माझीच लाज वाटली आणि मी त्याला नारळपाणी घेऊन दिलं.

तीन आठवडे त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. ऑर्डरच्या पॅडवर लिहून बोलायचा. फोडणी पडायची तेव्हा मी त्याला बाहेर हाकलायचे. मिरच्यांची पोती आली, तीही मी जासईला माझ्या घरी ठेवून घेतली, वासही नको म्हणून. शैलेश ड्यूटीवरून सुटला की येऊन त्याच्यासमोर बसायचा, टेबलावर बोटांनी वाजवायचा, हा मान डोलवायचा. बरं चाललं होतं.

मग मेचा शेवटचा शनिवार आला. लग्नसराई, दुकान भरलेलं, शिवाय एका हळदीच्या जेवणाची ऑर्डर. जगनला निकेशचं अक्षर लागेना. सात नंबरला तिसऱ्या वेळी चुकीचं ताट गेलं. मी चुलीशी उभी, कमरेत कळ, घामाने डोळे चुरचुरतायत. पाऊस आठवड्यावर आलेला आणि मसाला अजून पोत्यात.

मी म्हटलं, "निक्या, मी सोमवारी मिरच्या कांडपवाल्याकडे पाठवते. त्याच्याकडे भाजायचं मशीन आहे. यंदा तसाच करू मसाला."

त्याने लिहिलं, 'नको.'

"नको काय नको? मग काय पावसात भाजायचा? मी भाजते. सांग, मी भाजू?"

त्याने लिहिलं, 'जळेल.'

एकच शब्द. पॅड माझ्यासमोर धरलं आणि थोडा हसलासुद्धा. त्याला आईची चेष्टा आठवली असणार, दुसरं काही नाही. पण माझं डोकं फिरलं. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, अठरा वर्षं ह्या धुरात उभी, आणि मला सांगतो जळेल!

"जाऊ दे तुझा तो गळा एकदाचा!" मी ओरडले. "कसला गळा नि कसलं काय! माझं आयुष्य गेलं तुझ्या गळ्यापायी. तो गेला तर निदान भाऊ तरी हाती लागेल मला!"

जगन ऐकत होता. बाहेरच्या दोन टेबलांनी ऐकलं. निकेशला उत्तर देता येत नव्हतं, एवढंही भान मला राहिलं नाही. त्याने पॅडवरचा कागद फाडला, घडी करून खिशात ठेवला आणि सात नंबरचं ताट उचलून घेऊन गेला. मीही कोलंबी परतायला लागले. जळत होती ना.

रविवारी तो उलव्याला होता. माझा फोन त्याने घेतला नाही, घेऊन बोलणार तरी काय. मी मनात ठरवलं होतं, सोमवारी दुकान बंद असतं, गावच्या घरी जाऊन त्याला म्हणायचं, चुकलं माझं. दहा-बारा वर्षांत मी त्याला असं म्हटलं नव्हतं. मला वाक्यसुद्धा जुळवावं लागत होतं.

सोमवारी सकाळी उठले तर जासईच्या आमच्या पडवीत पोती नव्हती. नवरा म्हणाला, "निकेश आलेला पहाटे, टेम्पो घेऊन. मला वाटलं तुझं-त्याचं ठरलंय."

मी रिक्षा केली. घरापासून लांबवरच नाकाला झोंबायला लागलं. रिक्षावाला शिंकून हैराण. मागच्या अंगणात चूल पेटलेली, आणि निकेश तोंडाला ओला टॉवेल बांधून कढईसमोर बसलेला. धणे, बडीशेप, सगळं भाजून सुपात मांडून ठेवलेलं. मिरचीचे चार घाणे झाले होते. पाचवा कढईत होता. आणि तो हळदीचं गाणं म्हणत होता. म्हणत होता कसलं, फाटलेल्या आवाजात पुटपुटत होता, मध्ये ठसका, परत तीच ओळ, परत ठसका. डोळ्यांतून पाणी. खोकताना पाठ वाकायची, पण उलथनं थांबत नव्हतं.

"निक्या! मेल्या, काय करतोस! ऊठ!"

त्याने टॉवेल खाली केला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला मी. घासलेला, खालचा, भलत्याच कुणाचा तरी.

"राहू दे ताय. दोनच घाणे राहिलेत."

मी त्याच्या हातातून उलथनं ओढून घेतलं, त्याला खांद्याला धरून उठवलं आणि पुढच्या दारी ढकललं. परत आले तर मिरची कढईत. टाकून द्यायचा विचार मनात आलाच नाही, हात आपसूक चालू झाला. आणि हाताला गाणं लागत होतं. मी गायला लागले. कसं गायले ते देवाला ठाऊक. रडत होते, खोकत होते, शब्द अर्धे. आईसारखा जाळाकडे बघत गेले. जाळ वाढला तसं गाणं आपोआप जलद झालं. अर्धं गाणं झालं आणि मी कढई उतरवली.

मिरची जळली नाही.

शेवटचा घाणा घातला. तोही जळला नाही. लाल, कुरकुरीत, बोटात चुरली की आईच्या बरणीचा वास. मी त्या सुपासमोर मातीत बसले. पस्तीस वर्षं मला कुणी म्हटलं नव्हतं की तू गाऊन बघ. मीही कधी बघितलं नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात नुसती एकदा कढईसमोर बसले असते तरी चाललं असतं. आईचा राग आला मला, मेलेल्या आईचा. मग स्वतःचा आला, तो अजून आहे.

डॉक्टरांनी परत नळी घातली. ती वाहिनी फुटली होती. व्रण राहणार होता. बोलण्यापुरता आवाज येईल, म्हणाले, वरचे सूर नाही येणार. निकेशने 'बरं' म्हटलं आणि चपला घातल्या.

रिक्षात मी त्याला म्हटलं, "मी बोलले म्हणून केलंस ना हे?"

त्याने बाहेर डोकावून बघितलं. उड्डाणपुलाखाली गाडी अडकली होती.

"दोन्ही होत नव्हतं माझ्याच्याने ताय," तो म्हणाला. "कधीपासून होत नव्हतं. पण एक सोड असं मला कुणी सांगत नव्हतं. शैलेश सांगायचा नाय, विनिता सांगायची नाय. आई तर कधीच नाय. तू सांगितलंस."

"मी रागात बोलले रे!"

"माहीत हाय ना मला," तो म्हणाला आणि रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणून हाताने सांगितलं.

पुण्याला 'खाजण' गेला. शैलेशने उरणची एक मुलगी गायला उभी केली. चांगली गाते म्हणतात. निकेश गेला नाही. शैलेश परत आल्यावर मला भेटायला स्वयंपाकघरात आला. माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयारीत होते. तो नुसता ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मांडवाच्या गाण्याला लोक नाचले." मग बेसिनवर तोंड धुऊन निघून गेला.

आता शनिवारी संध्याकाळी सातला निकेश गल्ल्यावर असतो. अगदी सातला. केस कापलेत. सिलेंडरवाल्याला तोच बघतो, जगनला अक्षर कळेल असं मोठं लिहितो, फोन पहिल्या रिंगला उचलतो. उलव्याचा धंदा वाढला. गिऱ्हाईक येऊन विचारतं, गाणं कसं चाललंय, तर म्हणतो, "सोडलं. बोंबील ताजे आहेत, देऊ का?" मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालंय, अगदी ताटात वाढून. आणि कोलंबी सोलता सोलता माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. जगनला वाटतं कांदा.

परवा दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं मागच्या बाकावर भात खात बसलो होतो. मी विचारलंच शेवटी.

"निक्या, खरं सांग. कसं वाटतं तुला आता?"

त्याने भाताचा घास कालवला, तोंडात घातला, गिळला.

"झोप लागते ताय," तो म्हणाला. "आडवा झालो की झोप लागते. अठरा वर्षांत अशी लागली नव्हती."

खोटं बोलत नव्हता. चेहऱ्यावर दिसतच होतं, गाल भरलेत, डोळ्यांखालचं काळं गेलंय. मी म्हटलं, बरं झालं बाबा, आणि त्याच्या ताटात अजून थोडी आमटी वाढली.

मला लागत नाही.